कर्ण्यापासून एक पाऊल मागे

कपितोन लुकिच आता ओरडणार, हे घरातल्या माणसांना नेहमी आधीच कळायचं. बोलता बोलता ते एक पाऊल मागे जात. भांडण कशाचंही असो, सामायिक स्वयंपाकघरातल्या शेगडीचं किंवा कोणी कोणाचा टॉवेल वापरला याचं. म्हातारा मागे सरला, खांदे ताठ झाले, छाती भरली, की शेजारच्या तास्या मावशी हातातला झारा टाकून कानांवर हात ठेवत.

"धरा गं भांडी! लुकिच मागे सरला!"

ही सवय कपितोन लुकिचना कर्ण्याने लावली होती. पहिल्या महायुद्धाच्या आधी, पीटर्सबर्गच्या एका हॉटेलातल्या खोलीत, तरुण गायक कपितोन झाव्राझिनच्या आवाजाच्या तबकड्या निघाल्या. भिंतींवर गालिचे टांगलेले, मध्ये लाकडी आडोसा आणि त्यातून बाहेर आलेला पत्र्याचा कर्णा. आडोशापलीकडे मेणाच्या जाड चकतीवर सुई फिरायची. यंत्र घेऊन आलेल्या दोघा परदेश्यांना रशियन येत नव्हतं. म्हणून त्यांतला एक जण गायकाच्या पाठीशी उभा राहून त्याचे दोन्ही खांदे धरायचा. खर्जातले हलके सूर आले की पुढे ढकलायचा, जवळजवळ कर्ण्यात तोंड जाईपर्यंत. मोठा सूर आला की मागे ओढायचा. नाही ओढलं तर सुई मेणातून उडायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तो माणूस आपल्या देशी निघून गेला, पण त्याचे हात कपितोनच्या खांद्यांवर राहिले. पुढे रंगमंचावरसुद्धा मोठ्या सुराआधी त्यांचं पाऊल मागे जायचं. वर्तमानपत्रांनी लिहिलं, झाव्राझिनसारखी राजाची माघार दुसऱ्या कोणाला जमत नाही. ते कात्रण वाचून कपितोन लुकिच पोट धरून हसत. ते कस्त्रोमा गावच्या एका देवळातल्या डीकनचे, म्हणजे धर्मगुरूच्या मदतनिसाचे, चिरंजीव. बापाने प्रार्थनेचा शेवटचा सूर लावला की काचा थरथरत, एवढाच त्यांचा संगीताचा वारसा. त्यावर धर्मगुरूंचा गायकवृंद, मग एका व्यापाऱ्याच्या कृपेने शिक्षण, मग ऑपेरा.

"खर्जाच्या गायकाला काय मिळतं, आस्या?" ते मुलीला सांगायचे. "राजे, साधू, सैतान आणि नायिकेचा बाप. जन्मभर गायलो, पण रंगमंचावर माझं एकदाही लग्न लागलं नाही."

घरी लागलं होतं. त्या लग्नाची एकच खूण उरली होती, ती म्हणजे अग्निया. आई तिला आठवत नव्हती. आठवत होता तो पियानोपाशी उभा असलेला बाप. गायला सुरुवात करण्याआधी तो तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवायचा आणि तिला अलगद मागे ओढायचा. "मागे हो, आस्या. आता मोठा येतोय." मग जो सूर यायचा तो कानांना नाही, बरगड्यांना ऐकू यायचा.

दुसऱ्या महायुद्धात शहराला वेढा पडला, त्या हिवाळ्यात तो आवाज गेला. गारठ्याने गेला, भुकेने गेला की घशातल्या कुठल्या गाठीने, ते डॉक्टरांनी नीट सांगितलं नाही. उरली ती कुजबुज. तरी पाऊल मागे जायचंच. खांदे ताठ व्हायचे, छाती भरायची आणि एवढ्या तयारीनंतर ओठांतून वारा सुटल्यासारखं काहीतरी बाहेर पडायचं. त्यानंतर तास्या मावशींनी कानांवर हात ठेवणं सोडून दिलं. तबकड्याही त्याच हिवाळ्यात गेल्या. कुठल्या पावासाठी, कुठल्या शेगडीत. एकच वाचली, कारण ती आंबवलेल्या कोबीच्या पिंपावर झाकण म्हणून बसली होती. जुनी, एकाच बाजूला गाणं असलेली तबकडी. तिच्या कोऱ्या पाठीला कोबीचा वास कायमचा चिकटला होता.

युद्ध संपून कितीतरी वर्षांनी, जानेवारीच्या आरंभी, कपितोन लुकिच हॉस्पिटलात वारले. अग्निया शेजारी बसली होती. दुपार होती. खिडकीवर बर्फाचा उजेड होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि उशीत खांदे मागे दाबले. एकदा. मग पुन्हा, अधिक जोराने, इतक्या की पलंगाची कडी वाजली. काहीतरी मोठं येतंय हे तिला कळलं. ती वाट पाहत राहिली. कुजबुजसुद्धा आली नाही. नर्सने येऊन चादर वर ओढली, तेव्हाही त्यांचे खांदे मागेच होते.

काय म्हणायचं होतं त्यांना? दफनाच्या दिवशी, नवव्या दिवसाच्या जेवणाला, रस्त्यात, ट्राममध्ये, अग्नियाच्या मनात दुसरं काही नव्हतं.

ती संगीत शाळेत स्वरलिपींच्या ग्रंथालयाचं काम पाहत असे. नीटनेटकी, मोजकं बोलणारी. आरसा झाकणं, खिडकीत मृताच्या नावाने वोद्काचा पेला भरून त्यावर काळ्या पावाचा तुकडा ठेवणं, हे सगळं तास्या मावशींनी केलं. तिने विरोध केला नाही आणि विश्वासही ठेवला नाही.

"चाळिसाव्या दिवसापर्यंत तो इथेच आहे, समजलीस?" तास्या मावशी म्हणाल्या. "त्याच्या खुर्चीवर ढिगाने पुस्तकं नको ठेवूस. बसेल कुठे बिचारा?"

"मावशी, ते एका जागी बसले होते कधी?"

"तेही खरंच. पण पुस्तकं काढ."

तिने पुस्तकं काढली. मग खोलीत ती, ती खुर्ची, कपाटाआडचा रिकामा पलंग आणि कोपऱ्यातला कर्णा असलेला जुना ग्रामोफोन. शाळेला सुट्टी होती. दिवसच्या दिवस स्वतःचा आवाज कानी पडत नसे. एका सकाळी तिने दोघांचा चहा ओतला आणि दुसरा पेला परत किटलीत रिकामा करताना तिला पहिल्यांदा रडू फुटलं. त्याच दिवशी तिने तबकडी लावली.

गाणं एका विसरल्या गेलेल्या ऑपेरातलं होतं. आंधळा नावाडी काठावर उभा आहे. पलीकडे कोणी आहे का, असं तो हळू आवाजात विचारतो. हाक द्या, होडी आणतो. कोणी हाक देत नाही. शेवटी तोच हाक मारतो, पूर्ण छातीने, 'होऽ' म्हणून, आणि तिथे तबकडी संपते. ते अग्नियाला पाठ होतं. आरंभीच्या ओळी कर्ण्याला ओठ लावून गायलेल्या, इतक्या जवळून की श्वास ऐकू यावा. शेवटच्या हाकेला आवाज किंचित दूर जायचा. तेच ते पाऊल.

त्या दिवशी पहिल्याच ओळीला आवाज एक पाऊल मागे होता.

तिने सुई बदलली. तबकडी पुसली. पियानो होता तसाच होता, जवळचा, थोडा पत्र्यासारखा. आवाज मात्र कर्ण्यापासून हललेला होता, आणि शेवटची हाक आणखी मागून आली. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. आवाज दारापाशी होता. तिला स्वतःचाच राग आला, पण मान वळवून तिने दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. त्यावर त्यांचा जुना कोट लटकत होता.

सुट्टीतही शाळेत जाऊन तिथल्या फोनवरून तिने ग्लेब अंतिपोविचना विचारलं. ते ध्वनी-संग्रहालयात काम करायचे. दफनाला आले होते, टोपी हातात घेऊन बर्फात उभे राहिले होते, आणि या तबकडीची टेपवर नक्कल करून घ्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. टेपरेकॉर्डर दुरुस्तीला गेला होता, तो यायचा होता.

"तबकडी झिजली तर काय होतं?" तिने विचारलं.

"खरखर वाढते. मोठे सूर फाटतात. तुम्ही वाजवताय की काय?"

"आवाज मागे जातो का? पियानो जागच्या जागी राहून?"

ते हसले. "अग्निया कपितोनोव्हना, झीज काही आवड-नावड करत नाही. ती गायकाला आणि पियानोवाल्याला सारखंच खाते. पण कृपा करा, मी येईपर्यंत हात लावू नका तिला. जगात एवढी एकच आहे ती."

"हो," ती म्हणाली.

तिने कितीतरी दिवस हात लावला नाही. शाळा सुरू झाली. संध्याकाळी घरी आल्यावर ती कर्ण्याकडे पाठ करून बसायची. एकच आहे, आणि प्रत्येक वेळी तो आवाज थोडा थोडा जातो आहे. न वाजवली तर राहील. पण एका रविवारी सकाळी बटाटे सोलता सोलता तिचा हात थांबला. त्यांचं पाऊल मागे जायचं ते निघून जाण्यासाठी कधीच नव्हतं. ते मागे जायचे, कारण मोठा सूर यायचा असायचा.

तिने हात पुसले आणि खोलीत जाऊन तबकडी लावली.

या वेळी पियानोनंतर बराच वेळ काही आलं नाही. मग बंद दाराआडून यावा तसा आवाज आला. शब्द कळत नव्हते, चाल कळत होती. शेवटची हाक इतकी दबकी होती, की अग्निया कर्ण्यात जवळजवळ डोकं घालून ऐकत होती. सुई उचलली तोच दारावर थाप पडली.

"अगं, तुझ्या बापाला तू स्वयंपाकघरात कधी आणलंस?" तास्या मावशींच्या हातांना पीठ लागलेलं होतं. "तिकडे अगदी माझ्या पाठीशी गातोय. मी दचकून मीठ सांडलं."

"यंत्र इथेच आहे, मावशी."

मावशींनी कोपऱ्याकडे पाहिलं. कर्ण्याकडे, मग अग्नियाकडे. "भिंती पातळ आहेत," त्या म्हणाल्या. "नळातून येतो आवाज. आमच्या गावीही असंच व्हायचं." गावी नळ नव्हते, हे दोघींना माहीत होतं.

त्यानंतर अग्नियाने स्वतःला अडवलं नाही. ती घाबरली नव्हती. खरं सांगायचं तर इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला घरी यावंसं वाटू लागलं. शाळेतून आली की कोट न काढता ती चावी फिरवायची. पुढच्या खेपेला आवाजाला घुमारा आला. दगडी, उंच, जिन्याचा घुमारा. पीटर्सबर्गच्या त्या खोलीत भिंतींवर गालिचे होते, हे तिला बापानेच शंभरदा सांगितलं होतं. तिने सुई पुन्हा मागे नेऊन ठेवली. दुसऱ्या ओळीनंतर खाली कुठेतरी लोखंडी करकर झाली आणि मागोमाग धाडकन आपटल्याचा आवाज. तो आवाज या इमारतीतल्या प्रत्येकाला झोपेतसुद्धा ओळखता आला असता. खालच्या मोठ्या दाराची स्प्रिंग. ती गेल्या शरद ऋतूत बसवली होती.

ती खुर्चीवर बसली. त्यांच्या.

थोड्या वेळाने तास्या मावशी दूध घेऊन आल्या, धापा टाकत. "जिन्यात कोणीतरी प्यालेला आहे. दिसला नाही, पण काय गातोय! असा गळा आणि असा वाया घालवायचा. मी ओरडले, अरे मेल्या, घरी जा, बायको वाट बघत असेल. तर गप्प झाला." त्यांनी दूध खाली ठेवलं. "काय झालं? अशी का बघतेस?"

"कुठे होता तो?"

"खालच्या दारापाशी असेल. बाहेर गेला वाटतं, दार वाजलं."

अग्निया खिडकीपाशी गेली. अंगणात बर्फ पडत होता. लाकडाच्या मोळ्या, वाळत घातलेली ताठ झालेली चादर. माणूस नव्हता.

चाळिसाव्याला ग्लेब अंतिपोविच टेपरेकॉर्डर घेऊन आले, सुटकेसएवढा आणि सुटकेसपेक्षा जड. भर दुपार होती. टेबलावर मध-मनुका घातलेले शिजवलेले गहू होते, तास्या मावशींनी केलेली पातळ धिरडी होती. वोद्का ओतली. रिवाजाप्रमाणे पेल्याला पेला न लावता तिघं प्याले. खिडकीतला चौथा पेला पावासकट तसाच होता.

"मी त्यांना एकदाच प्रत्यक्ष ऐकलं," ग्लेब अंतिपोविच म्हणाले. "लहान होतो. वर गॅलरीत. मोठा सूर यायच्या आधी ते मागे सरले, आणि माझ्या शेजारची बाई म्हणाली, कठडा धर रे."

"धरलास ना?" तास्या मावशींनी विचारलं.

"नाही धरला. म्हणून तर आठवतंय."

सगळे हसले. अग्नियाही हसली. तिला वाटलं, हे असं यांनी बसून राहावं, यंत्र उघडूच नये. पण ग्लेब अंतिपोविचनी हात धुतले, सुटकेस उघडली, स्वतःची विजेवरची फिरकी टेबलावर मांडली, कानांना हेडफोन लावले. तबकडी त्यांनी दोन्ही तळव्यांत धरली, लहान मूल धरावं तशी. नाकाशी नेली. "कोबी?"

"कोबी," अग्निया म्हणाली.

रिळं फिरू लागली. ग्लेब अंतिपोविच डोळे मिटून ऐकत होते. पियानो सुरू झाल्याचं त्यांच्या बोटांवरून कळलं. ती टेबलावर हलली. मग थांबली. कपाळावर आठी आली. तबकडी संपली, त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा संपली. त्यांनी हेडफोन काढले आणि ते बराच वेळ वायर गुंडाळत राहिले.

"अग्निया कपितोनोव्हना, ही तीच तबकडी आहे ना?"

"तीच."

"कधीकधी असं व्हायचं. नुसत्या साथीची तबकडी काढायचे, सरावासाठी. वरचा नावाचा कागद चिकटवताना अदलाबदल व्हायची." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "यात फक्त पियानो आहे."

"तुम्ही फोनवर म्हणालात, झीज दोघांना सारखीच खाते."

"म्हणालो खरं."

"दुसरं काहीच नाही का?"

ते घुटमळले. "काहीतरी आहे. खरखर असेल. मला वाटलं, पावलं. कडक बर्फावरून कोणी चालत जातंय, बूट घालून. लांब लांब." त्यांनी घसा खाकरला. "आणि शेवटी, जिथे हाक असायला हवी ना, तिथे थांबतात."

"थांबतात म्हणजे?"

"उभी राहतात. बस, एवढंच. खरखरच असणार."

तास्या मावशींनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि ग्लेब अंतिपोविचचा कोट आणायला उठल्या. यंत्र जड होतं, जिना निसरडा होता. एकीकडून धरायला त्याही त्यांच्याबरोबर खाली गेल्या, तिथूनच देवळात मेणबत्ती लावून येणार होत्या. जाताना त्यांनी दारातून आत पाहिलं. "येतेस का गं? एकटी कशाला बसतेस?"

"भांडी घासते, मावशी. तुम्ही जा."

खाली स्प्रिंग करकरली. दार आपटलं.

अग्नियाने भांडी गोळा केली, पण घासली नाहीत. तबकडी पाकिटात घालून तिने कपाटात ठेवली. कोपऱ्यात ग्रामोफोन उभा होता, रिकामा. चावी उतरलेली. कर्ण्यावर धूळ बसली होती. ती फडकं घेऊन पुसायला गेली.

पुसता पुसता तिच्या मनात सरळ, साधा हिशेब आला, शाळेतल्या मुलाला विचारावा तसा. स्वयंपाकघर हादरवण्यासाठी त्यांना एक पाऊल पुरायचं. ऑपेरातल्या गॅलरीपर्यंत पोहोचायलाही एकच.

खोली. दार. स्वयंपाकघर. जिना. अंगण. त्यापुढे रस्ता, बंधारा, आणि मग नेव्हा नदीचा गोठलेला पांढरा विस्तार, दुसऱ्या काठापर्यंत.

इतकं मागे जाऊन ते उभे राहिले होते.

तिने खिडकीकडे पाहिलं. बाहेर लख्ख उजेड होता. बर्फ पडायचा थांबला होता. ट्राम नव्हती, माणसं नव्हती, कावळासुद्धा नव्हता. सगळं शहर श्वास आत घेतल्यासारखं गप्प होतं.

खिडकीतल्या पेल्यावरचा पावाचा तुकडा हलला.

तिने फडकं खाली ठेवलं. तुकडा पुन्हा हलला, काठावर बारीक खडखडला. त्याखाली वोद्कावर वर्तुळं उमटत होती, एकात एक. मग टेबलावरचे चमचे. मग खिडकीची काच, खालच्या कोपऱ्यात, जिथे पुट्टी सुटली होती.

आवाज अजून कुठेच नव्हता.

ती कर्ण्यासमोर उभी होती, त्याच्या काळ्या तोंडापासून हातभर अंतरावर. तिला हलता आलं नाही.

मागून दोन हात तिच्या खांद्यांवर आले आणि त्यांनी तिला अलगद, सवयीने, एक पाऊल मागे ओढलं.